एसएमपीएस सुटा काढून कसा तपासायचा

बटण दाबूनही कॉम्प्युटर ढिम्म हलत नाही किंवा काम ऐन रंगात आलेलं असताना फट्‌कन बंद पडतो, तेव्हा संशयाची सुई सगळ्यात आधी एसएमपीएसकडे, म्हणजे भिंतीवरची वीज घेऊन कॉम्प्युटरच्या भागांना पुरवणाऱ्या डब्याकडे वळते. मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांच्या गराड्यात असताना मात्र त्याची धड चौकशी करता येत नाही, कारण प्रत्येक लक्षणाला दुसरं कोणीतरी जबाबदार असू शकतं. सगळ्यांपासून तोडून एकटा टेबलावर घेतला, की बरंचसं चित्र स्वच्छ होतं. त्यासाठी लागतात मल्टिमीटर, ३३० ओहमचा एक पाव वॉटचा रेझिस्टर, इन्सुलेशन टेप आणि लोड म्हणून, म्हणजे वीज ओढण्यासाठी, लावायला एकदोन जुन्या वस्तू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. या तपासणीतून एसएमपीएस खराब आहे हे खात्रीने कळू शकतं. तो चांगला आहे हे मात्र तितक्या खात्रीने कळत नाही. ‘पेपरक्लिप लावली, पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस ओके’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. (कनेक्टरचे दोन खाने पेपरक्लिपने जोडून एसएमपीएस मदरबोर्डविना सुरू करायची ही युक्ती.) पंखा फिरला म्हणजे १२ व्होल्टच्या लाइनवर काहीतरी व्होल्टेज आलं, एवढाच त्याचा अर्थ. ते ११ आहे की १३, लोड आल्यावर टिकतं की कोसळतं, याबद्दल पंखा काहीच सांगत नाही. उलट ज्या एसएमपीएसचा पंखा कमी लोडला मुद्दाम बंद ठेवलेला असतो, तो उत्तम स्थितीत असूनही पंखा फिरवणार नाही.

धोका नेमका कुठे आहे

बाहेर आलेल्या रंगीत वायरींवर जास्तीत जास्त १२ व्होल्ट असतात. त्यांना हात लागून शॉक बसत नाही. खरा धोका डब्याच्या आत आहे. २३० व्होल्टचा एसी आत शिरून डीसी झाला की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. ॲक्टिव्ह पीएफसी (आत येणारा करंट सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये हाच आकडा ३८० ते ४०० च्या घरात जातो. प्लग काढल्यावरही तो चार्ज लगेच जाईलच असं नाही, आणि तो लवकर उतरवणारा रेझिस्टर उडालेला असेल तर बराच वेळ राहू शकतो. म्हणून या लेखात कुठेही डबा उघडायचा नाही. ‘फ्यूज गेलाय का तेवढं बघतो’ म्हणूनसुद्धा नाही. आतला फ्यूज उगाच जात नाही. बहुतेक वेळा त्याच्या मागचं काहीतरी शॉर्ट झालेलं असतं.

दुसरा धोका करंटचा. ७५० वॉटचा एसएमपीएस १२ व्होल्टवर ६० अँपिअरच्या आसपास देऊ शकतो. एवढ्या करंटच्या वाटेत अंगठी किंवा धातूचं कडं आलं तर शॉक बसणार नाही, पण ते क्षणात लालबुंद होईल. अंगठी, कडं, घड्याळ काढून बाजूला ठेवा. संरक्षण सर्किट असतं, पण त्याची परीक्षा आपल्या बोटावर घ्यायला नको.

जुन्या एसएमपीएसवर मागच्या बाजूला ११५/२३० असा लहान लाल स्विच असतो. २३० व्होल्टच्या सॉकेटवर तो चुकून ११५ वर राहिला, तर आतलं व्होल्टेज दुप्पट होतं आणि मोठा आवाज होऊन तपासणी तिथेच संपते. प्लग लावण्याआधी तो पाहायचाच.

राहता राहिलं अर्थिंग. एसएमपीएसच्या आतले फिल्टर कपॅसिटर डब्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर धातूच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. म्हणून तीन पिनांची वायर आणि अर्थ असलेलं सॉकेटच वापरा. टू-पिन अडॅप्टर नको.

आधी हे तपासा, मग वीज लावा

एसएमपीएस केसमधून काढायलाच हवा असं नाही, पण त्याची एकूण एक वायर सुटी हवी: मदरबोर्डचा २४ पिनांचा कनेक्टर, सीपीयूचा ८ पिनांचा, ग्राफिक्स कार्डाचे, हार्ड डिस्कला लागणारे साटाचे, सगळे. सीपीयूचा कनेक्टर विसरण्याची हमखास जागा असते, कारण तो बोर्डाच्या कोपऱ्यात दडलेला असतो. मी स्वतः काढूनच तपासतो. टेबल कोरडं आणि लाकडी असावं, गालिचा किंवा गादी नको. पंख्याची जाळी मोकळी राहील असा एसएमपीएस ठेवा.

आता नाक आणि डोळे वापरा. जळका वास येतो का? जाळीतून टॉर्च मारून बघा, एखाद्या कपॅसिटरची टोपी फुगलीय किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलंय का? २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये एखादा खाना वितळून काळा पडलाय का? यातलं काहीही दिसलं तर पुढच्या पायऱ्या गाळा. अशा एसएमपीएसला वीज देण्यात शहाणपण नाही.

मग प्लग न लावता मल्टिमीटरची दोन मोजमापं. मीटर ओहमवर ठेवून एक प्रोब एसएमपीएसच्या सॉकेटमधल्या अर्थ पिनला आणि दुसरा डब्याच्या एखाद्या स्क्रूला लावा. रीडिंग एका ओहमच्या आत यायला हवं. नंतर काळी वायर आणि पिवळी, काळी आणि लाल, काळी आणि नारिंगी अशा जोड्या मोजा. शून्याला चिकटलेलं रीडिंग आलं तर ती लाइन आतून शॉर्ट आहे. इथे नुसत्या बीपवर विसंबू नका. कमी व्होल्टेजच्या लाइनवर, विशेषतः ३.३ व्होल्टवर, आत काही ओहमांचा रेझिस्टर मुद्दाम लावलेला असू शकतो आणि तेवढ्यावरही मीटर ओरडतो. आकडा वाचा.

मीटरबद्दल दोन शब्द. लाल प्रोब व्होल्ट-ओहमच्या भोकात आहे ना, हे दर वेळी बघा. तो १० अँपिअरच्या भोकात राहिला आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्टची तार. आणि मीटरची बॅटरी उतरलेली असली की स्वस्तातले मीटर खरं आहे त्यापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवतात. ५ व्होल्टच्या लाइनवर ५.६ दिसले तर एसएमपीएसला नावं ठेवण्याआधी बॅटरीचं चिन्ह पाहा.

स्टँडबाय: फक्त दोन खाने जिवंत

एसएमपीएसचा मागचा स्विच बंद ठेवून वायर लावा, सॉकेट चालू करा आणि मग मागचा स्विच चालू करा. काहीच घडायला नको. पंखाही फिरणार नाही, कारण एसएमपीएस अजून झोपलेला आहे. फक्त स्टँडबायचं छोटं सर्किट जागं आहे.

मीटर डीसी २० व्होल्टवर. काळा प्रोब कोणत्याही काळ्या वायरीच्या खान्यात, लाल प्रोब जांभळ्या वायरीच्या खान्यात. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये रीडिंग हवं. शून्य असेल तर आधी पॉवर कॉर्ड आणि सॉकेट दुसऱ्या एखाद्या उपकरणाने तपासा. ते ठीक असतील तर निकाल लागला: स्टँडबायच मेलंय, पुढे काही करण्यासारखं नाही.

आता हिरवी वायर, म्हणजे पीएस-ऑन. तिच्यावरही व्होल्टेज दिसेल, साधारण ३ ते ५ व्होल्ट. ही वायर काळ्या वायरीला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर मदरबोर्ड हेच करतो.

सगळ्या वायरी काळ्या असतील तर? आजकाल बऱ्याच एसएमपीएसच्या असतात, आणि गडबड इथेच होते. २४ पिनांच्या कनेक्टरला एका बाजूला खटका असतो. खटक्याच्या बाजूच्या ओळीत एक खाना बहुधा रिकामा असतो. तिथे पूर्वी उणे ५ व्होल्टची पांढरी वायर असायची. हा रिकामा खाना ज्या टोकापासून पाचवा येतो, त्याच्या विरुद्ध टोकापासून चौथा मोजा. तो पीएस-ऑन. त्याच्या दोन्ही बाजूंचे खाने ग्राउंडचे.

मोजणीवर विश्वास न ठेवता मीटरने खात्री करून घ्या. स्टँडबायमध्ये चोवीसपैकी दोनच खान्यांवर व्होल्टेज असतं, एक पीएस-ऑन आणि दुसरा ५ व्होल्ट स्टँडबाय. पहिला खटक्याच्या ओळीत, दुसरा पलीकडच्या. म्हणजे खटक्याच्या ओळीत ज्या एकाच खान्यावर व्होल्टेज दिसतं, तोच आपला. गंमत अशी, की स्टँडबायचा खानाही त्याच्या ओळीत एका टोकापासून चौथाच असतो. कनेक्टर उलटा धरून ‘चौथा’ मोजणारा माणूस नेमका त्याच्यावर जाऊन पडतो.

आणि म्हणूनच मला पेपरक्लिप आवडत नाही. तिच्याऐवजी ३३० ओहमचा रेझिस्टर लावा. पीएस-ऑनमधून वाहणारा करंट जेमतेम दीड-दोन मिलिअँपिअर असतो, तेवढ्याने रेझिस्टरवर अर्धा व्होल्टच पडतो. सुरू होण्यासाठी ०.८ व्होल्टच्या खाली जावं लागतं, तेव्हा काम भागतं. आणि खाना चुकून स्टँडबायच्या ५ व्होल्टवर गेलात, तरी १५ मिलिअँपिअर वाहून काहीही बिघडत नाही. पेपरक्लिपने तिथे थेट शॉर्ट झाला असता.

ही सगळी मोजणी रूढ एटीएक्स जातीच्या एसएमपीएससाठी आहे. ब्रँडेड तयार कॉम्प्युटरांमध्ये कित्येकदा वेगळ्याच आकाराचे, वेगळ्या पिनांचे कनेक्टर असतात. एटीएक्स१२व्हीओ या नव्या प्रकारात मुख्य कनेक्टर १० पिनांचा असतो आणि स्टँडबायसुद्धा १२ व्होल्टचं. अशांवर वरचं काही लावू नका, त्या मॉडेलचा पिनांचा नकाशा मिळवा. मॉड्युलर, म्हणजे सुट्या निघणाऱ्या वायरींचा, एसएमपीएस असेल तर वायरी त्याच्याच वापरा. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते, प्लग मात्र बिनबोभाट बसतो.

सुरू करणे

मागचा स्विच बंद करा आणि जांभळ्या वायरीवरचं व्होल्टेज शून्याजवळ येईपर्यंत थांबा. मग रेझिस्टरचा एक पाय पीएस-ऑनच्या खान्यात, दुसरा शेजारच्या काळ्याच्या खान्यात घाला. पाय बारीक असल्याने सैल बसतात. टोकाला दुमडून दुहेरी केले की पक्के धरतात. उघडा भाग टेपने गुंडाळा. जोडणी नेहमी स्विच बंद असताना करायची, चालू एसएमपीएसमध्ये तार खुपसायची नाही.

पहिल्यांदा सुरू करतानाच थोडासा लोड असू द्या. निकामी डेटाची जुनी हार्ड डिस्क किंवा केसचे एकदोन पंखे पुरेत. काही जुने एसएमपीएस अजिबात लोड नसेल तर सुरूच होत नाहीत किंवा वेडेवाकडे आकडे दाखवतात, आणि माणूस चांगल्या एसएमपीएसला उगाच बाद करतो.

स्विच चालू. आता मोजा:

पिवळी १२ व्होल्ट: ११.४० ते १२.६०
लाल ५ व्होल्ट: ४.७५ ते ५.२५
नारिंगी ३.३ व्होल्ट: ३.१४ ते ३.४६
निळी उणे १२ व्होल्ट: १०.८ ते १३.२, उणे चिन्हासह
राखाडी, म्हणजे पॉवर-गुड: २.४ च्या वर, बहुधा ५ च्या आसपास

पहिल्या तिन्हींना ५ टक्क्यांची सूट आहे, निळीला १० टक्क्यांची. आकडा मर्यादेत असूनही कडेला टेकलेला असेल, समजा लोड नसतानाच ११.४५, तर मी तो नापास धरतो. अजून खरं काम सुरूच झालेलं नाही आणि हा आत्ताच धापा टाकतोय.

राखाडी वायरीकडे कोणी बघत नाही, पण ती महत्त्वाची आहे. सगळी व्होल्टेज स्थिर झाल्यावर साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांनी एसएमपीएस या वायरीवर ‘तयार आहे’ असा इशारा देतो. तो आला नाही तर मदरबोर्ड प्रोसेसरला सुरूच होऊ देत नाही. बाकी सगळे आकडे उत्तम, पंखे गरगर फिरतायत आणि स्क्रीन काळी, या कोड्याचं उत्तर कधीकधी याच एका वायरीत असतं. मीटरने ती आली की नाही एवढं कळतं, किती वेळाने आली हे नाही. ते बघायला डिजिटल पीएसयू टेस्टर (पीएसयू म्हणजे एसएमपीएसच) चांगला; त्यावर हा आकडा मिलिसेकंदांत दिसतो. बाकी बाबतीत मात्र तो टेस्टर जवळजवळ लोडविनाच मोजतो, त्यामुळे त्याच्या हिरव्या दिव्यांवर भाळू नका.

लोड देऊन बघणे

इथपर्यंत पोचलेला एसएमपीएस जिवंत आहे. आता त्याला कामाला लावू. सोपा लोड म्हणजे १२ व्होल्टचे गाडीचे बल्ब. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो, ५५ वॉटचा हेडलाइट साडेचारच्या वर. चार पिनांच्या जुन्या मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर तो जोडा. स्विच बंद ठेवून जोडायचा, सांधे टेपने झाकायचे आणि बल्ब फरशीच्या किंवा टाइलच्या तुकड्यावर ठेवायचा. हॅलोजन भाजून काढतो, लाकडावर डाग पडतो.

सुरुवात लहान बल्बने करा. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स अगदी कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी बल्ब नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. मोठा बल्ब लावल्यावर एसएमपीएस क्षणभर सुरू होऊन बंद पडला, तर कदाचित त्याच्या संरक्षणाने आपलं काम केलं असेल. लहान बल्बावर नीट चालतो का ते पाहूनच ठरवा.

फक्त १२ व्होल्टवर लोड देऊन ५ व्होल्ट रिकामे ठेवू नका. स्वस्त आणि जुन्या रचनेत १२ आणि ५ व्होल्ट एकाच नियंत्रणाखाली असतात. १२ वर ओझं पडलं की ते खाली जातं, सर्किट ते सावरायला जातं आणि रिकामं ५ व्होल्ट वर चढतं. आकडे वाईट दिसतात, दोष मात्र आपल्या चाचणीचा असतो. लाल आणि काळ्या वायरीमध्ये १० ओहमचा, १० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर लावला की अर्धा अँपिअर लोड होतो. तोही तापतो, हात लावू नका.

मोजमाप लोड जिथे जोडलाय त्याच कनेक्टरवर घ्या. समजा लोडशिवाय १२.१५ होते आणि दोन बल्बांनी १२.०५ झाले, तर छान. ११.७ झाले आणि तिथेच स्थिर राहिले, तर वायरींवर आणि कनेक्टरवर लक्ष ठेवा. कनेक्टर गरम होत असेल तर पकड सैल आहे. आणि आकडा हळूहळू उतरतच राहिला, पंधरा-वीस मिनिटांत ११.९ वरून ११.५ वर आला, तर तो एसएमपीएस तापल्यावर दगा देणारा आहे. ‘तासाभराने कॉम्प्युटर आपोआप बंद होतो’ अशी तक्रार असेल तर घाई करून दोन मिनिटांत ही चाचणी उरकू नका. या सगळ्या वेळात एसएमपीएसला एकटं सोडून चहा करायला जायचं नाही. बारीक शीळ ऐकू आली तर ती कॉइलची असते, त्यावरून काही ठरवू नका. तडतड, धूर किंवा माशासारखा वास आला तर हात थेट भिंतीवरच्या स्विचकडे.

हे सगळं करूनही आपण दिलेला लोड शंभरेक वॉटांच्या आसपासच असतो. मोठं ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी याच्या कितीतरी पट ओढतं आणि मीटर तो झटका दाखवू शकत नाही. तीच गोष्ट रिपलची, म्हणजे डीसी व्होल्टेजवर उरणाऱ्या बारीक चढउताराची. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्ट ही रिपलची मर्यादा आहे. ती मोजायला व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो, त्यावर २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा लावावी लागते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून रिपल मोजण्याची युक्ती सांगितली जाते, तिला काही अर्थ नाही. म्हणून सगळ्या पायऱ्या पास झाल्या आणि तरीही कॉम्प्युटर फक्त गेम खेळताना रीस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएस संशयितांच्या यादीत राहतोच. अशा वेळी तेवढ्याच किंवा जास्त वॉटांचा, खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघण्याला पर्याय नाही.

बंद करणे आणि परत जोडणे

क्षणभर सुरू होऊन बंद पडणारा एसएमपीएस पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसू नका. त्याचं संरक्षण लॉक झालेलं असतं. प्लग काढून दोनतीन मिनिटं थांबलं की ते सुटतं. सगळा लोड काढून, फक्त एका पंख्यावर पुन्हा एकदा बघा. तरीही तेच, तर दोष आतच आहे.

तपासणी संपल्यावर आधी मागचा स्विच, मग भिंतीवरचा, मग प्लग. बल्ब जोडलेला असेल तर बाहेरच्या लाइनी पटकन उतरतात. मीटरवर शून्य दिसल्यावर रेझिस्टर काढा.

पास झालेला एसएमपीएस परत लावताना एकदम सगळं जोडू नका. आधी २४ पिन आणि सीपीयूचा ८ पिन, एवढंच. सीपीयूचा आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर दिसायला जुळे असले तरी त्यांच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट आहेत. खाचा वेगळ्या असल्याने सहज बसत नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं, तिथेच थांबा. एवढ्यावर कॉम्प्युटर सुरू झाला नाही, तर केसच्या पुढच्या बटणाची वायर काढून मदरबोर्डवरच्या त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून बघा. एसएमपीएसच्या नावाने खापर फोडलेल्या बऱ्याच तक्रारी त्या रुतलेल्या बटणापाशी येऊन मिटतात.

नापास झालेल्यावर मार्करने ठळक ‘खराब’ लिहा आणि त्याची पॉवर कॉर्ड वेगळी काढून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी तो माळ्यावरून काढून चांगल्या मदरबोर्डला लावतो.